सुबहानअल्लाहनंतर काय?

आपल्या व्हॉट्सअॅप गटांत दर महिन्या-दोन महिन्यांनी एक व्हिडिओ फिरतो. जमिनीतल्या एका खड्ड्यातले पाणी फुगते, निळसर घुमट तयार होतो आणि क्षणात उकळत्या पाण्याचा खांब आभाळात उडतो. वर लिहिलेले असते, 'कुदरत का करिश्मा'. खाली पन्नास जणांचे 'सुबहानअल्लाह'. ही जागा कोणत्या देशात आहे, पाणी कशामुळे उडते, थोड्या वेळाने पुन्हा का उडते, हे कोणी लिहीत नाही आणि कोणी विचारतही नाही. व्हिडिओ पुढे पाठवला जातो आणि विषय संपतो.

सुबहानअल्लाह म्हणण्याला माझा आक्षेप असण्याचे कारणच नाही. मीही म्हणते. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. अल्लाहच्या निर्मितीला दाद दिल्यावर माणसावर दोन कामे येतात. जे पाहिले ते कसे घडते हे समजून घेणे, हे पहिले. आणि ते आपल्या हातून नासू न देणे, हे दुसरे. आपण ही दोन्ही कामे बाजूला ठेवली आहेत आणि शब्द तेवढा जवळ ठेवला आहे.

वर्गात याचा अनुभव रोजचा. मूल विचारते, भूकंप का होतो? घरून, मोहल्ल्यातून, कधी शिक्षकांकडूनही उत्तर मिळते, "अल्लाह की कुदरत है, बेटा." उत्तर चूक नाही. पण मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. त्याने 'कोणी' असे विचारलेले नसते, 'कसे' असे विचारलेले असते. दोन-चार वेळा असे झाले की मूल विचारणे सोडून देते, आणि आपण म्हणतो, मूल आज्ञाधारक आहे.

त्या व्हिडिओतली जागा मी गेल्या वर्षी पाहिली. धाकटा भाऊ ब्रिटनमध्ये नोकरीला आहे. शाळा सुरू होण्याआधी त्याच्याकडे गेले होते, तिथून सगळे मिळून चार दिवस आइसलँडला गेलो. रेक्याविक या राजधानीतून सकाळी एक बस निघते आणि संध्याकाळी परत आणून सोडते. या फेरीला 'गोल्डन सर्कल' म्हणतात. अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. मुख्य थांबे तीन: थिंगवेल्लिरचे खचलेले खोरे, गेसिरची उकळती कुंडे आणि गुल्लफॉस हा धबधबा. सहल म्हणून ती सुंदर आहेच, त्याचे वर्णन कुठेही मिळेल. मला त्या तीन थांब्यांवर जे कळले ते आपल्या लोकांपुढे ठेवायचे आहे.

फाटणारी जमीन

थिंगवेल्लिरला उतरल्यावर आधी दिसते ती काळ्या खडकाची उंच, सरळ भिंत. तिच्या पायथ्याशी एक अरुंद दरी आहे आणि दरीतून पायवाट जाते. पृथ्वीचे बाहेरचे कवच अनेक तुकड्यांचे आहे. त्यांतले दोन, उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा, आइसलँडमध्ये एकमेकांपासून दूर सरकत आहेत. वेग वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर, म्हणजे आपली नखे वाढतात त्याहूनही सावकाश. फट पडते, मधली जमीन खचते, खालून लाव्हा वर येतो, थंड होतो आणि नवी जमीन तयार होते. जगात बहुतेक ठिकाणी हे काम समुद्राच्या तळाशी, कोणाला न दिसता चालते. आइसलँडमध्ये ते पाण्याच्या वर, डोळ्यांसमोर चालले आहे.

एका भेगेच्या दोन्ही काठांवर पाय ठेवून लोक फोटो काढत होते. एक पाय अमेरिकेत, एक युरोपात, असा त्यांचा समज. प्रत्यक्षात ही सीमा म्हणजे एखादी रेघ नव्हे. कित्येक किलोमीटर रुंदीचा तो भेगाळलेला पट्टा आहे. आपण अख्खा वेळ सीमेच्या आतच उभे असतो.

आमच्याच बसमध्ये एक भारतीय मुस्लिम कुटुंब होते. त्यातले वडीलधारे गृहस्थ ती भेग पाहून म्हणाले, "बेटी, यह सब अज़ाब की निशानियाँ हैं." माझी आठ वर्षांची भाची जवळच होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "फुफी, इथल्या लोकांनी काय केलं होतं?"

या मुलीचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. जमीन वर्षाला दोन सेंटिमीटर सरकते, माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून सरकते आहे. मग गुन्हा कोणाचा? १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होते. मोठ्या माणसांच्या बोलण्यात तेव्हाही 'अज़ाब' हा शब्द होता. झोपेत ढिगाऱ्याखाली गेलेल्या लेकरांचा गुनाह कोणता, हे त्या बोलण्यात कोणी सांगत नव्हते. निसर्गाच्या प्रत्येक घटनेवर शिक्षेचा शिक्का मारला की पीडितांवर आपण दुसरा अन्याय करतो. आणि घर कसे बांधावे, दगड-मातीच्या जड भिंती का कोसळतात, हा कामाचा प्रश्न मागे पडतो.

मी भाचीला सांगितले, इथल्या लोकांनी काही केले नाही, जमीन अशीच घडते. मग तिला इब्न सिनाबद्दल सांगितले. आपल्याकडे हे नाव हकिमांच्या दवाखान्याच्या पाटीवर दिसते. त्याने 'किताब अश-शिफा' या ग्रंथात डोंगर कसे तयार होतात याचा विचार केला होता. काही डोंगर जमीन उचलली गेल्याने होतात, जसे भूकंपात घडते. काही वारा आणि पाणी मऊ भाग झिजवून नेतात म्हणून उरतात. आणि याला फार मोठा काळ लागतो, हेही त्याने मांडले. इब्न सिनाचा मृत्यू १०३७ सालचा. म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा एक मुसलमान हकीम डोंगराकडे पाहून 'कसे' असे विचारत होता. त्याने ईमान गमावले असे त्याला वाटले नाही.

थिंगवेल्लिरला निसर्गाइतकाच माणसांचाही इतिहास आहे. ९३० सालापासून आइसलँडचे लोक दर उन्हाळ्यात इथे उघड्यावर जमत, कायदे सांगत, तंटे सोडवत. त्या सभेला 'अल्थिंग' म्हणतात. १७९८ पर्यंत ती इथे भरत असे. १९४४ मध्ये डेन्मार्कपासून वेगळे होऊन प्रजासत्ताक झाल्याची घोषणाही याच जागेवर झाली. देशाला या जागेचा अभिमान आहे, तरी तिथे एक गोष्ट लपवलेली नाही. दरीतून वाहणाऱ्या नदीत एक डोह आहे. त्याच्या नावाचा अर्थच 'बुडवण्याचा डोह' असा आहे. सोळाव्या शतकातल्या कडक नीतीकायद्यांनंतर अनैतिक संबंध, नवजात बाळाची हत्या अशा आरोपांवरून स्त्रियांना इथे बुडवून मारले जाई. अशा अठरा स्त्रियांची नोंद आहे आणि डोहाच्या काठी त्याची माहिती लावलेली आहे.

पाणी स्वच्छ, भोवती हिरवळ, आणि काठावर हा फलक. नीतीच्या नावाने बाईचा जीव घेणारे कायदे कोणत्या एका धर्माची किंवा देशाची मक्तेदारी नव्हते, हे तिथे उभे राहिले की कळते. आणि पुढे गेलेला समाज तोच, जो आपल्या सुंदर जागेवर आपली काळी नोंदही लावतो, हेही कळते.

कुकर आणि किब्ला

दुसरा थांबा तो व्हिडिओतला. खोऱ्यात शिरतानाच उकडलेल्या अंड्याचा वास येतो, तो जमिनीतून येणाऱ्या गंधकयुक्त वायूचा. 'गेसिर' हे इथल्या मोठ्या कुंडाचे नाव. जगातल्या सगळ्या उसळत्या झऱ्यांना इंग्रजीत जो शब्द आहे तो याच्यावरूनच आला, आणि आपल्या न्हाणीघरातला 'गिझर'ही त्याच शब्दाचा. हे मोठे कुंड आता बहुतेक वेळ शांत असते. व्हिडिओत दिसते ते शेजारचे 'स्ट्रोक्कुर'. दर पाच-दहा मिनिटांनी त्याचे पाणी पंधरा-वीस मीटर उडते, कधी त्याहूनही वर.

कसे उडते? प्रत्येक घरातल्या बाईला हे समजेल. पाणी १०० अंशांना उकळते ते उघड्या पातेल्यात. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापूनही उकळत नाही. जमिनीखालच्या उभ्या नळीत तेच होते. वरच्या दहा मीटर पाण्याचे वजन खालच्या पाण्यावर साधारण कुकरइतकाच दाब देते. खालचे खडक तापलेले, पाणी शंभराच्या वर जाते, तरी दबून राहते. मग थोडी वाफ सुटते, वरचे थोडे पाणी बाहेर सांडते, दाब कमी होतो आणि दबलेले पाणी एकदम वाफ होऊन वरचे सगळे पाणी उडवते. नळी रिकामी होते, पुन्हा भरते, पुन्हा तापते. मधली पाच-दहा मिनिटे त्यासाठी.

हे कोडे उलगडण्यात मोठा वाटा ज्याचा, त्याचे नाव आपल्या शाळेतल्या मुलांना पाठ असते, पण दुसऱ्या कारणाने. रॉबर्ट बुन्सेन. प्रयोगशाळेतल्या बुन्सेन बर्नरचा बुन्सेन. १८४५ मध्ये आइसलँडच्या हेक्ला ज्वालामुखीचा उद्रेक झाला, पुढच्या वर्षी हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ तिथे गेला. गेसिरच्या नळीत वेगवेगळ्या खोलीवर त्याने तापमान मोजले आणि तिथला दाब किती हे ताडून पाहिले. उकळते पाणी कधीही अंगावर येईल अशा जागी उभा राहून तो मोजत होता. आश्चर्य त्यालाही वाटलेच असणार. पण तो आश्चर्यापाशी थांबला नाही.

इथे आपल्यातले काही जण म्हणतील, हे सगळे कुरआनमध्ये आधीच आहे. या वाक्याने समाधान होते खरे, पण काम होत नाही. सगळे आधीच आपल्याकडे होते तर नळीत तापमापक सोडायला आपण का गेलो नाही? कुरआन ही हिदायतीची किताब आहे. जमिनीवर फिरा, पाहा, अक्कल वापरा असे ती वारंवार बजावते. म्हणजे मोजण्याचे काम तिने आपल्यावर सोपवले आहे. दुसऱ्याने मोजून झाल्यावर 'हे आम्हाला ठाऊक होते' म्हणणे हा त्या आज्ञेचा मान नव्हे.

गेसिरलाच जोहरची वेळ झाली होती. वाहनतळाच्या कडेला गवतावर आम्ही चादर अंथरली. आम्ही कोकणातले, शाफई, प्रवासात जोहर आणि असर कसर करून एकत्र पढतो. भावाने मोबाइलवर किब्ला पाहिला आणि म्हणाला, "आपा, इथे पूर्वेकडे तोंड. थोडं दक्षिणेला." आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेल्या बाईला हे क्षणभर चमत्कारिक वाटते. पण सरळ आहे. मक्का आपल्या पश्चिमेला आणि आइसलँडच्या पूर्वेला.

नमाजनंतर मनात आले ते हे. गोल पृथ्वीवर एका गावातून दुसऱ्या गावाची दिशा काढणे सोपे गणित नाही. ते गणित मुसलमान विद्वानांनी नमाजसाठी वाढवले. अल बिरुनीने अकराव्या शतकात गझनीचा किब्ला काढण्यासाठी अक्षांश-रेखांशांचा अख्खा ग्रंथ लिहिला. इबादतीनेच त्यांना प्रश्न दिला होता: मक्का नेमकी कुठे? आइसलँडमध्ये आम्ही होतो तेव्हा सूर्य रात्री साडेअकरानंतर मावळत होता आणि सव्वातीनच्या सुमाराला उगवत होता. मगरिब कधी, इशा कधी, फजर कधी, हे तिथे डोळ्यांनी पाहून ठरत नाही. तिथे हिशोबच करावा लागतो. दीन आणि हिशोब यांचे भांडण आहे असे ज्यांना वाटते त्यांनी उत्तरेकडच्या एका उन्हाळी रात्री इशाची वेळ ठरवून पाहावी.

गेसिरला मालकीचीही गोष्ट आहे. १८९४ मध्ये तिथल्या शेतमालकाने ही जागा जेम्स क्रेग या परदेशी श्रीमंताला विकली. हा पुढे उत्तर आयर्लंडचा पहिला पंतप्रधान झाला. त्याने कुंपण घालून पाहणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. नंतर जागा त्याच्या मित्राकडे गेली. १९३५ मध्ये सिगुर्दुर योनासोन या आइसलँडच्या माणसाने ती विकत घेतली आणि देशातल्या लोकांना कायमची देऊन टाकली. आपल्याकडे याला एक अचूक शब्द आहे: वक्फ. जागेचा मालक कोणी राहत नाही, फायदा सगळ्यांचा. आपण हा शब्द मशीद, कब्रस्तान आणि दुकानगाळ्यांपुरता ठेवला आहे. झरा, टेकडी, देवराई हीसुद्धा सगळ्यांसाठी राखून ठेवायची गोष्ट असू शकते, हे त्या शब्दात बसते.

एक गोष्ट तिथल्या लोकांच्या चुकीचीही. शांत पडलेले मोठे कुंड उडावे म्हणून ते त्यात साबण टाकत. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि उद्रेक लवकर होतो. राष्ट्रीय सणाला, पाहुण्यांसमोर हा खेळ बरीच वर्षे चालला. १९९० च्या दशकात तो थांबवला गेला. कुंडाने आपल्या वेळेला उडावे, पाहणाऱ्याने थांबावे, असे ठरले.

याच गरम पाण्याने देशाची घरे तापतात. रेक्याविकच्या एका मुख्य रस्त्याच्या नावाचा अर्थ 'धुण्याची वाट' असा आहे. शहरातल्या बायका कपड्यांचे ओझे घेऊन या वाटेने सुमारे तीन किलोमीटरवरच्या गरम झऱ्यांवर धुणे धुवायला जात. १९३० मध्ये त्याच झऱ्यांच्या परिसरातले पाणी नळाने शहरात आणले गेले आणि पहिल्यांदा ज्या इमारती तापल्या त्यांत एक शाळा होती. आज देशातली दहापैकी नऊ घरे जमिनीच्या उष्णतेवर उबदार राहतात. 'कसे' हा प्रश्न विचारल्याने बायकांच्या डोक्यावरचे ओझे उतरले, हे मला त्या फवाऱ्याहून मोठे वाटले.

धबधब्यासाठी चाललेली बाई

तिसरा थांबा गुल्लफॉस, म्हणजे सोनेरी धबधबा. लांगयोकुल नावाच्या मोठ्या हिमनदीचे पाणी घेऊन येणारी ह्वितआ नदी इथे दोन टप्प्यांत उडी घेते, आधी ११ मीटर, मग २१ मीटर, आणि एका अरुंद घळीत नाहीशी होते. काठावर उभे राहिले की पायाखालची जमीन हलते आणि बोललेले शेजारच्याला ऐकू येत नाही. ऊन पडले की तुषारांत इंद्रधनुष्य.

धबधब्याच्या वाटेवर एका स्त्रीचे शिल्प कोरलेला दगड आहे. सिग्रिदुर तोमासदोत्तिर, जन्म १८७१, मृत्यू १९५७. जवळच्याच शेतावरची शेतकऱ्याची मुलगी. शाळेत गेलेली नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी भांडवलदारांना इथे वीज तयार करायची होती. धबधबा भाडेकराराने गेला. सिग्रिदुरने तो करार मोडण्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या केल्या. वाईट रस्त्यांवरून पायी रेक्याविक गाठले. काम सुरू झाले तर मी धबधब्यात उडी घेईन, असे ती म्हणाल्याचे सांगतात. तिचे वकील स्वेन ब्योर्नसोन पुढे आइसलँडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. गंमत अशी की कोर्टात तिला यश आले नाही. भाड्याचे पैसे थकले म्हणून १९२९ मध्ये करार रद्द झाला. पण तोवर तिने लोकांच्या मनात प्रश्न पेरला होता: धबधबा विकायची वस्तू आहे का? १९७९ मध्ये ही जागा संरक्षित जाहीर झाली.

तिला अमानत हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. पण अमानतदार म्हणजे काय, हे तिच्याकडे पाहून मुलांना सांगता येईल. आपल्या दीनची शिकवण आहे की माणूस जमिनीवर खलिफा, म्हणजे मालकाच्या वतीने सांभाळणारा आहे. हे वाक्य जुम्म्याच्या बयानात आपण किती वेळा ऐकतो! पण गावची टेकडी खणून निघते, नदीत कारखान्याचे पाणी सुटते, तेव्हा त्या बयानाचा काय संबंध, हे फार कमी वेळा ऐकू येते.

आइसलँड म्हणजे पुण्यवंतांचा देश, असे मला म्हणायचे नाही. याच देशाने पूर्वेकडच्या उजाड प्रदेशात काराहन्युकर हा ६९० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प उभारला, तोही अॅल्युमिनियमच्या एका कारखान्यासाठी. मोठा विरोध झाला, तरी २००९ पर्यंत तो पुरा झाला. एक धबधबा वाचला, दुसरीकडे खोरे पाण्याखाली गेले. म्हणजे सिग्रिदुरचा लढा एकदा जिंकून संपणारा नव्हता. प्रत्येक पिढीला तो नव्याने लढावा लागतो.

आपल्या पायाखालचा दगड

'आइसलँडला जाणे सगळ्यांना कुठे परवडते?' हा प्रश्न रास्त आहे. मलाही एरवी परवडले नसते. पण मी सांगते आहे त्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही. थिंगवेल्लिरची ती काळी भिंत आणि आपला सह्याद्री एकाच जातीच्या खडकाचे आहेत: बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीतून थरावर थर लाव्हा बाहेर पडला आणि आज पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने झाकलेला आहे. घाटातून जाताना डोंगराच्या अंगावर पायऱ्यांसारखे आडवे पट्टे दिसतात, ते त्या थरांचे. वेरूळची लेणी याच दगडात कोरली. गावोगावच्या जुन्या मशिदी, दर्गे, देवळे आणि विहिरी याच दगडाच्या. जे पाहायला लोक लाखो रुपये खर्चून आइसलँडला जातात, त्याचे थंड झालेले भावंड आपल्या अंगणात आहे.

कोकणात तर गरम पाण्याचे झरेही आहेत. संगमेश्वर तालुक्यात राजवाडी, तुरळ, आरवली, दापोलीत उन्हवरे. इथे ज्वालामुखी जिवंत नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाते, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. आमच्या भागातल्या अशाच एका कुंडावर मी मुलांना घेऊन गेले होते. काठावर साबणाची वेष्टने, शाम्पूच्या पुड्या, प्लास्टिकच्या बाटल्या. माहितीचा फलक नाही. पाणी गरम का, हे तिथे आलेल्या कोणालाही सांगता येत नव्हते. मात्र ते अंगाला लावले की कोणते आजार जातात, याची यादी प्रत्येकाकडे होती.

आपल्या शाळांच्या सहली कुठे जातात ते पाहा. वॉटर पार्क, मॉल, फार तर एखादा किल्ला, तोही फोटोपुरता. उर्दू शाळांत आणखी एक अडचण आहे. मुलींना सहलीला पाठवायला घरचे तयार नसतात. "लडकियाँ क्या करेंगी पहाड़ पर?" असे मला एका वडिलांनी विचारले होते. गुल्लफॉसच्या काठावर त्या दगडावरच्या चेहऱ्याकडे पाहताना मला तो प्रश्न आठवला. शाळेत न गेलेली एक मुलगी डोंगर-पाण्यात वाढली आणि तिने देशाची सर्वात सुंदर जागा राखायला लोकांना उभे केले. मुली डोंगरावर हे करतात, जनाब. फक्त त्यांना तिथपर्यंत जाऊ दिले पाहिजे. वडिलांना शंका असेल तर आयांना सोबत घ्या, महिला शिक्षक वाढवा, सकाळी जाऊन असरपर्यंत परत या. मार्ग निघतात, आम्ही काढले आहेत.

विज्ञान कळले की ईमान पातळ होते, ही भीती अजून अनेक घरांत आहे. माझा अनुभव वेगळा. स्ट्रोक्कुरचा पहिला फवारा मी पाहिला तेव्हा तोंडून सुबहानअल्लाह निघाले. मग त्याचे कारण भाचीला कुकरच्या भाषेत समजावले. दहा मिनिटांनी पुन्हा पाणी फुगले, तेव्हा ती ओरडली, "फुफी, आता दाब कमी होणार!" आणि पाणी उडाल्यावर सुबहानअल्लाह तिनेच आधी म्हटले. समजून म्हटलेला तो शब्द होता. त्यात काही कमी झालेले नव्हते.

म्हणून शिक्षकांना, पालकांना आणि मदरशांच्या जिम्मेदारांनाही माझी एकच विनंती आहे. येत्या हिवाळ्यात मुलांना, मुलींसकट, आपल्या तालुक्यातली एखादी टेकडी, झरा किंवा धबधबा दाखवायला न्या. प्रत्येकाच्या हातात एक वही द्या आणि तीन प्रश्न लिहून आणायला सांगा. हे कसे झाले? हे कोणाचे आहे? हे कोण सांभाळतो? पहिल्याचे उत्तर भूगोलाचे शिक्षक देतील. दुसऱ्यासाठी तलाठ्याकडे जाऊन सातबारा पाहावा लागेल. तिसऱ्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी 'कोणीच नाही' असे येईल. मुले हे उत्तर घेऊन घरी येतील, तेव्हा त्यांना गप्प बसवू नका.